फुंकर आणि तोंडाची वाफ

फुंकर म्हणजे ओठांचा चंबू करून सोडलेला श्वास. तोंड उघडून ‘हाः’ करत सोडला की त्याच श्वासाला तोंडाची वाफ म्हणतात. तळहातावर घेतली तर फुंकर गार लागते आणि वाफ ऊन. श्वास मात्र दोन्ही वेळा सारखाच असतो. फुप्फुसातून तो सुमारे ३७ अंश सेल्सिअसला निघतो, तोंडाबाहेर पडताना ३४-३५ अंशांवर आलेला असतो आणि बाष्पाने जवळजवळ भरलेला असतो. फरक पडतो तो ओठ आणि हात यांच्या मधल्या वितीभर जागेत.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत लेकराच्या डोळ्याला मार लागला की आई पदराचा बोळा करते, तो तोंडाला लावून जोराने फुंकते आणि ऊन झालेला बोळा डोळ्यावर धरते. (ही रीत काही सीमाभागापुरती नाही, साऱ्या मराठी मुलखाची आहे.) इथे ओठ आवळलेले, जोर फुंकरीचा, तरी कापड तापते. कारण ओठ आणि कापड यांच्यात बाहेरच्या हवेला शिरायला जागाच नसते. शिवाय श्वासातले बाष्प सुतात मुरते आणि मुरताना आपली उष्णता तिथेच सोडते. ओठ आवळले म्हणून श्वास गार होतो, ही समजूत या एका बोळ्याने निकालात निघते.

मोकळ्या हवेतली फुंकर एकटी जात नाही. अरुंद, वेगवान झोत कडेची स्थिर हवा ओढून, घुसळून आपल्यासोबत नेतो. ओठांची फट अर्धा सेंटिमीटर आणि हात दहा सेंटिमीटरवर असेल, तर हातापर्यंत पोहोचणारी हवा मूळ श्वासाच्या साधारण सहापट झालेली असते. म्हणजे सहातले पाच भाग खोलीचे. खोली २२ अंशांवर असेल तर झोत २४-२५ अंशांचा होतो. कातडी ३२-३३ अंशांची, तेव्हा तो गार लागणारच. त्यात वेगामुळे कातडीलगतचा उबदार हवेचा थर निघून जातो आणि घाम भराभर उडतो. ‘हाः’ करताना तोंडच तीन-चार सेंटिमीटर उघडे असते, हात जवळ असतो, वेग कमी असतो. झोताचा गाभा बाहेरच्या हवेत मिसळण्याआधीच हाताला लागतो. चष्मा पुसताना काचेवर बसते ते हेच बाष्प. शरीराच्या तापमानाला लिटरभर हवेत ते सुमारे ४४ मिलिग्रॅम मावते.

गालात दाबलेली हवा बारीक फटीतून सुटताच प्रसरण पावते आणि म्हणून थंड होते, असे उत्तर पुष्कळदा ऐकू येते. ऐकायला ते शास्त्रीय वाटते, पण हिशेबाला उतरत नाही. गालात दहा सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका दाब साठवला, तरी तो वातावरणाच्या दाबाचा जेमतेम शंभरावा भाग. एवढ्या प्रसरणाने तापमान फार तर एका अंशाने उतरेल. साध्या फुंकरीत दाब याहून कितीतरी कमी असतो.

दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो; चहा तर तो फुंकणारच. इथे मुख्य काम बाष्पीभवनाचे. फुंकरीने चहावरचा दमट थर बाजूला होतो आणि नवी वाफ सुटते. दीडशे ग्रॅम चहातून एक ग्रॅम पाणी उडाले तरी चहा साडेतीन अंशांच्या आसपास निवतो. बशीत ओतल्यावर पृष्ठभाग वाढतो, म्हणून काम आणखी लवकर होते.

हे सारे बाहेरच्या हवेवर अवलंबून असल्याने बेळगाव जिल्ह्यातच फुंकरीचे गुण बदलतात. समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवरच्या बेळगावात पौषातल्या दमट पहाटे तोंडाची वाफ डोळ्यांना दिसते. थंड हवेत मिसळताच तिच्यातले पाणी थेंबाथेंबाने साकळते. पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीच्या पावसाळ्यात हवाच ओली, त्यामुळे फुंकरीने घाम नीट सुकत नाही. ईशान्येला अथणीच्या कोरड्या उन्हाळ्यात तर प्रकार उलटा होतो. पारा ३९ अंशांवर असताना कोरड्या तापमापकावर हातभर दुरून फुंकर घातली तर तो जागचा फारसा हलत नाही. जवळून ‘हाः’ केले की उतरतो, कारण त्या वेळी आपला श्वासच भोवतालच्या हवेपेक्षा गार असतो. घामेजल्या कपाळाला मात्र तिथेही फुंकरच बरी वाटते.

चुलीपुढच्या फुंकणीतही (कन्नडमध्ये ऊदुगोळवे) हीच गोष्ट घडते. नळीत श्वासाला बाहेरची हवा भेटत नाही, म्हणून तिच्या पुढच्या तोंडाशी बोट धरले तर तो बराचसा ऊनच लागतो. या श्वासात ऑक्सिजन सोळा-सतरा टक्के, बाहेरच्या हवेत एकवीस. फुंकणी निखाऱ्यात न खुपसता चार बोटे मागे धरली, तर झोत वाटेत ताजी हवा ओढून घेतो, निखाऱ्यावरची राख उडवतो आणि जाळ लवकर धरतो.