जिनिंग व्यवस्थापक (विदर्भ)

कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्याचा रोजचा कारभार सांभाळणारा माणूस. गावात त्याला ‘जिनिंगचा मॅनेजर’ म्हणतात. हिंगणघाट, वणी, पांढरकवडा, राळेगाव, अकोट या कापूसपट्ट्यात जिनिंग दिवाळीच्या आगेमागे सुरू होते आणि ऊन तापेपर्यंत चालते. मालक बरेचदा दुसऱ्या शहरात असतो. त्यामुळे शेतकरी, हमाल, यंत्रावरचे कामगार आणि रुईचा व्यापारी या सगळ्यांची गाठ पडते ती व्यवस्थापकाशीच. तो चांगला की नुसता हजर, हे त्याच्या टेबलावर कळत नाही. काट्यावर आणि कापसाच्या ढिगाजवळ कळते.

मालकाचे लक्ष उताऱ्यावर असते. एक क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी आणि थोडी घट. गाठ १७० किलोची, म्हणजे एका गाठीला पाच क्विंटलांच्या आसपास कापूस लागतो. दिवसाला हजार क्विंटल कापूस ओढणाऱ्या जिनिंगचा उतारा एका टक्क्याने घसरला, तर रोज जवळपास सहा गाठी कमी पडतात. हे नुकसान पुष्कळदा रेच्यावर, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रावर, होतच नाही. ओला, कवडीचा (किडका, डागी) किंवा फरदडीचा (हंगाम संपल्यावर जुन्याच झाडांवर घेतलेला) कापूस चांगल्या ढिगात मिसळला गेला, त्या क्षणीच ते झालेले असते.

म्हणून व्यवस्थापकाची खरी परीक्षा गाडी फाटकातून आत येते तेव्हा. पहाटेपासून रांगेत असलेला शेतकरी म्हणतो, “भाऊ, कापूस वल्ला नाही, वरतून दव लागलं फक्त.” जाणता व्यवस्थापक त्याच्याशी वाद घालत नाही. तो गाडीवर चढतो, कोपरापर्यंत हात खुपसून मधला कापूस बाहेर काढतो, त्यातली एक सरकी दाताखाली धरतो. वाळलेली सरकी ‘कट्’ करून फुटते, ओली चेपते. मग ओलावामापक तीन ठिकाणी लावतो आणि यंत्र शेतकऱ्यापुढे धरतो: “काका, आकडा तुम्हीच वाचा.” सरकारी कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव मिळतो, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत प्रमाणात कपात होते आणि त्याहून ओला कापूस घेत नाहीत. २०२५-२६ साठी लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. त्या हिशोबाने वीस क्विंटलांच्या गाडीवर दोन टक्के कपात म्हणजे तीन हजारांहून जास्त रुपये. कोरडवाहू शेतकऱ्याला ही रक्कम लहान नाही, आणि ती का कापली हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलेच पाहिजे.

वजन-मापाचा हा प्रश्न वऱ्हाडात जुना आहे. खामगावची रेल्वे आणि कापूसबाजार १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते सुरू झाले. कारंजा येथे १८८६ मध्ये नियंत्रित कापूसबाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. कायद्याला सव्वाशे वर्षे होऊन गेली, तरी शेतकरी आजही काट्याजवळ उभा राहून आकडा पाहतो. त्यात वावगे काही नाही. व्यवस्थापकाने त्याला तिथून हटवू नये, उलट उभे राहायला जागा करून द्यावी.

कारखान्यात सर्वांत मोठी धास्ती आगीची. कापसात आलेला खडा किंवा खिळा रेच्यात अडकतो, ठिणगी उडते. कधी बेअरिंग तापते. रुई वरवर शांत दिसते आणि आतून धुमसत राहते. आत ठिणगी राहिलेली गाठ गोदामात पोचल्यावरही पेटू शकते. रात्रपाळीत जळका वास आधी येतो तो रेच्याजवळच्या कामगाराला. वास आल्याबरोबर त्याने यंत्र बंद केले, तपासणीत काही सापडले नाही, आणि व्यवस्थापकाने ‘अर्धा तास वाया घालवलास’ म्हणून त्याला चारचौघांत झापले, तर पुढच्या वेळी तो यंत्र बंद करणार नाही. वाळूच्या बादल्या, पाण्याची टाकी, फाटकावर बिडी-काडीची झडती हे सगळे लागतेच, पण या एका चुकीपुढे ते तोकडे पडते. वाईट बातमी आपल्यापर्यंत लवकर पोचावी अशी सवय ज्याने माणसांना लावली, त्याचे जिनिंग सुरक्षित राहते.

हेच कचरा वेचणाऱ्या बायांबाबत. पोत्यांचे प्लास्टिकचे धागे, केस, सुतळी, गुटख्याच्या पुड्या त्या हाताने वेचून काढतात. असा धागा सुतात गेला तर त्यावर रंग चढत नाही आणि पुढे कापडात डाग दिसतो. कोणत्या गावच्या पोत्यांत कचरा जास्त येतो, हे या बायांना पाठ असते. त्यांना कोणी विचारतच नाही, ही माझ्या मते विदर्भातल्या जिनिंगची मोठी उणीव आहे.

यंत्राची माहिती हवीच: रुळाच्या खाचा, सुऱ्यांमधले अंतर, ताण. ती शिकता येते. नागपुरात जिनिंगचे प्रशिक्षण केंद्रही आहे. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू झालेल्या नागपूरच्या एम्प्रेस मिलचा कारभार बेझनजी मेहता या रेल्वेतल्या माणसाकडे सोपवला होता. गिरणीचा अनुभव त्यांच्या गाठीशी नव्हता, तरी पुढे त्यांनी ती नावारूपाला आणली.

शेवटचे काम चुकाऱ्याचे. पैसे आठ दिवसांनी मिळणार असतील तर व्यवस्थापकाने ‘आठ दिवस’ असेच सांगावे; ‘उद्या या’ म्हणू नये. त्या ‘उद्या’पायी शेतकऱ्याला तीस किलोमीटरची एसटी आणि एक दिवसाची मजुरी पदरची घालावी लागते. चिठ्ठीवर तारीख आणि स्वतःची सही घालून देणारे व्यवस्थापक आहेत. घरात ती चिठ्ठी सातबाऱ्याच्या पिशवीत जपून ठेवतात.