कृष्णेच्या वाळूतलं नाणं

उन्हाळ्यात कृष्णेचं पाणी खाली गेलं की घाटाघाटावर पोरं दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यात सोडतात. वर येतात रुपया-दोन रुपयांची नाणी, खिळे आणि बाटल्यांची बुचं. शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांपासून चालत आलेलं जुनं नाणं, मात्र चुंबकाला कधीच लागत नाही, कारण ती तांब्याची. १९८८पासून आपली नाणी एकेक करत स्टेनलेस स्टीलची झाली. त्यात ८३ टक्के लोखंड आणि १७ टक्के क्रोमियम, म्हणून ती चिकटतात. जुन्यांपैकी १९४७चा निकेलचा रुपयाही चिकटतो. त्यामुळे चुंबकाला आलेलं सगळंच नवं, असं समजून फेकू नये.

नाणं कुठे शोधायचं, हे नदी ठरवते. वाळूचा कण पाण्याच्या अडीच-तीन पट जड, तांबं जवळपास ९ पट आणि चांदी साडेदहा पट. पुरात वाळू उचलली जाते तेव्हा जड नाणं हळूहळू खाली सरकतं आणि कातळाला किंवा चिकणमातीच्या थराला टेकून थांबतं. अ‍ॅल्युमिनियमचे दोन-तीन पैसे मात्र वाळूइतकेच हलके, शिवाय चपटे. ते वाळूबरोबरच पुढे जातात.

वाई ते माहुली या पट्ट्यात पात्रात बराच कातळ उघडा आहे. तिथे रांजणखळगे, कातळातल्या भेगा आणि मोठ्या धोंड्यांची खालच्या अंगाची बाजू आधी बघावी. पाण्याचा वेग तिथेच पडतो आणि जड वस्तू बसते. घाटाच्या शेवटच्या पायरीचा सांधाही सोडू नये. सांगलीकडे, हरिपूरच्या वारणा संगमाच्या आसपास, गोष्ट वेगळी: गाळ खोल असतो आणि नाणं मेटल डिटेक्टरच्या (धातू शोधणाऱ्या यंत्राच्या) टप्प्याबाहेर जातं. तिथे पूर ओसरल्यावर कापल्या गेलेल्या काठाचा पायथा बघणं जास्त शहाणपणाचं.

आता यंत्र. मेटल डिटेक्टरच्या चकतीतली तार बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते, सहसा ५ ते २० किलोहर्ट्झचं. त्यामुळे नाण्यात भोवऱ्यासारखे विद्युत प्रवाह फिरतात आणि त्यांचं उलट क्षेत्र दुसरी तार टिपते. हा प्रतिसाद किती मागे पडला, यावरून यंत्र धातूचा अंदाज बांधतं. साताऱ्यात गडबड होते ती इथेच. आपला काळा बसाल्ट मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाने भरलेला, आणि नदीकाठची काळी वाळू म्हणजे त्याचाच चुरा. किनाऱ्याच्या पांढऱ्या वाळूत शांत चालणारं यंत्र इथे दगडागणिक ओरडतं. (खाऱ्या, ओल्या वाळूत ते वेगळ्या कारणाने ओरडतं: मीठपाणी स्वतःच वीज वाहून नेतं.)

उपाय असा. धातू नसलेल्या जागी चकती जमिनीपासून हात-वीतभर वर-खाली करत ग्राउंड बॅलन्स (जमिनीतल्या खनिजाचा आवाज दाबायची यंत्रातली सोय) जुळवा, आवाज थांबेपर्यंत. दर वीस-पंचवीस पावलांवर पुन्हा जुळवा, कारण वाळूतलं खनिज बदलत जातं. संवेदनशीलता शंभर टक्क्यांवर ठेवण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. साठ-सत्तर टक्क्यांवर उलट जास्त सापडतं. चकती वाळूपासून ३-४ सेंटिमीटरवर, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढलेली. लोखंड गाळण्याची सोय लावलीत, तर स्टीलची बरीच नाणीही गाळली जातील. रुपयाएवढं नाणं साधारण १५ ते २० सेंटिमीटरपर्यंत कळतं. आवाज आला की आडवं-उभं फिरवून जागा पक्की करा आणि खुरपं त्या जागेपासून चार बोटं दूर घाला. नेमकं वर घातलेलं खुरपं छत्रपतींच्या अक्षरांवरच ओरखडा काढतं.

जमिनीत दडलेली वस्तू १० रुपयांहून जास्त किमतीची असेल, तर १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. संरक्षित वास्तूंच्या आवारात तर यंत्र घेऊन जाऊच नये.

घरी आणल्यावर सगळ्यात मोठं नुकसान होतं ते चिंचेने, लिंबाने आणि भांडी घासायच्या पावडरीने. आम्ल हिरव्या थराबरोबर त्याखालचा तांबूस थरही खातं, आणि झिजलेल्या शिवराईवर उरलेली अक्षरं बहुधा त्या थरातच असतात. चकाकणारं नाणं हातात येतं, वाचता मात्र येत नाही. बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये आठवडाभर भिजवा, पाणी रोज बदला, माती बांबूच्या टोकदार काडीने काढा.

गडद, घट्ट हिरवा थर निरुपद्रवी असतो. फिकट पोपटी, पिठासारखी भुकटी दिसली तर सावध व्हा. कोकण किनाऱ्यावरून आणलेल्या तांब्याच्या नाण्यांवर ती हमखास दिसते. मिठातलं क्लोराइड दमट हवेत तांबं खातं, आणि खाऊन झाल्यावर पुन्हा मोकळं होऊन पुढचं खायला लागतं. शंका असेल तर नाणं ओल्या कापसाशेजारी, त्याला न टेकवता, बंद डबीत दोन दिवस ठेवा. नवे ठिपके उठले तर रोग चालू आहे. मग लिटरभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये खायचा सोडा आणि धुण्याचा सोडा प्रत्येकी २५ ग्रॅम विरघळवून त्यात बुडवा, आठवड्याला हे सोड्याचं पाणी नवं करून बदला. दोन-तीन महिने लागतात आणि रंग थोडा काळवंडतो. शेवटी साध्या डिस्टिल्ड वॉटरने धुऊन पूर्ण वाळवा. ठेवताना मऊ पीव्हीसीची पाकिटं नकोत, त्यातूनच नाण्यावर हिरवा चिकटा येतो. पॉलिएस्टरची पाकिटं, घट्ट डबा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. आणि साताऱ्याच्या पावसाळ्यात त्या पुड्या दर पंधरवड्याला बदला.