अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांना महाभियोगाने हटवलेले नाही
सोलापुरातील अभ्यासिकांमध्ये हातोहात फिरणाऱ्या टिपणांत ‘निक्सन : महाभियोगाने पदच्युत’ ही ओळ लाल शाईने अधोरेखित केलेली आढळते, एकेका गुणासाठी झटणाऱ्या मुलांच्या हाती ही चूक जावी, याचे वाईट वाटते. अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या, म्हणजे प्रतिनिधिगृहाच्या, न्यायविषयक समितीने जुलै १९७४ मध्ये तीन आरोप मंजूर केले हे खरे, परंतु संपूर्ण सभागृहाचे मतदान होण्यापूर्वीच, ९ ऑगस्टला, निक्सन राजीनामा देऊन पायउतार झाले. मुळात अमेरिकेत महाभियोग म्हणजे केवळ दोषारोप. पदच्युतीसाठी सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, दोन तृतीयांश मते लागतात. १८६८ मध्ये अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन ३५ विरुद्ध १९ अशा मतदानात अवघ्या एका मताने बचावले. पुढे क्लिंटन आणि दोन वेळा ट्रम्प यांनाही सिनेटने दोषी ठरवले नाही.