अपडेटनंतर पीसी रिस्टार्टच्या फेऱ्यात अडकतो, आणि एफ८ आता का चालत नाही

लोगो येतो, ठिपके गोल फिरतात, "बदल मागे घेत आहोत" असं काहीतरी दिसतं आणि परत रिस्टार्ट. हे दुखणं विंडोज एक्सपीपासूनचं आहे. एक्सपीत सिस्टीम कोसळली की आपोआप रिस्टार्ट व्हायचं ही सेटिंग मुळातच चालू असायची, त्यामुळे कारण लिहिलेली निळी स्क्रीन अशी सर्रकन निघून जायची की वाचायला वेळच मिळायचा नाही. पण सुटायची वाट सगळ्यांना पाठ होती, पीसी चालू करायचा आणि एफ८ टकटक दाबत राहायचं, मग काळ्या स्क्रीनवर मेन्यू यायचा आणि सेफ मोड, म्हणजे अगदी गरजेपुरत्या गोष्टींवर चालणारं विंडोज, निवडायचा.

२००८ साल या बाबतीत फार वाईट गेलं. मे महिन्यात एक्सपीचा सर्व्हिस पॅक ३, म्हणजे अपडेट्सचा मोठा गठ्ठा, आला आणि एएमडी प्रोसेसरचे काही ब्रँडेड पीसी फेऱ्यात अडकले, कारण इंटेलच्या मशीनवर बनवलेली विंडोजची तयार प्रत (इमेज) फॅक्टरीत त्यांच्यावरही टाकली होती, इंटेलचा एक ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा छोटा प्रोग्रॅम) त्यात राहून गेला होता आणि सर्व्हिस पॅकनंतर तो चालू व्हायला गेला की पीसी कोसळायचा. एफ८, सेफ मोड, तो ड्रायव्हर बंद, काम झालं. त्याआधी फेब्रुवारीत एक्सपीनंतरच्या विंडोज व्हिस्टाचे पीसी "३ पैकी स्टेज ३, ० टक्के" वर अडकले होते, आणि गंमत नाही, ते अपडेट पुढच्या सर्व्हिस पॅकची तयारी म्हणूनच दिलेलं होतं. शेवटी त्याचं वाटप थांबवावं लागलं.

व्हिस्टापासून अपडेट बसवायची पद्धतच बदलली हे इथे लक्षात घ्यायला हवं. चालू असलेल्या फाइल्स बदलता येत नाहीत म्हणून उरलेल्या कामांची यादी करून ठेवतात आणि रिस्टार्टच्या वेळी ती उरकतात. ती यादी मधेच बिघडली, समजा ऐन वेळी लाइट गेली, तर पीसी दर वेळी तिथूनच सुरुवात करतो आणि तिथेच आपटतो. आपल्याकडे लोडशेडिंगच्या काळात यूपीएस नसलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

एफ८ने सगळंच सुटायचं असंही नाही. फेब्रुवारी २०१० मधे कर्नलच्या, म्हणजे विंडोजच्या गाभ्याच्या, एका अपडेटनंतर एक्सपीचे पीसी रिस्टार्टच्या फेऱ्यात फिरायला लागले, सगळे अपडेटला बोल लावत होते आणि निघालं काय तर त्या मशीनमधे आधीच रूटकिट, म्हणजे विंडोजच्या आत दडणारा व्हायरस, लपून बसलेलं होतं, अपडेटने कर्नलमधले पत्ते हलल्यावर ते कोसळत होतं. तिथे सेफ मोडही उघडत नव्हता, सीडीवरून रिकव्हरी कन्सोल, म्हणजे कमांड देऊन दुरुस्ती करायची स्क्रीन, चालवावा लागला.

मग २०१२ ला विंडोज ८ आलं आणि एफ८ गेलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वात वादाचा निर्णय हाच. बनवणाऱ्यांचं म्हणणं असं की एसएसडीवर (वेगवान डिस्कवर) पीसी इतका झटकन चालू होतो की एफ८ दाबायला २०० मिलिसेकंदांपेक्षाही कमी वेळ उरतो, माणसाला ते जमणार नाही, शिवाय टॅबलेटला कीबोर्डच नसतो. वेगाचा मुद्दा खोटा नाही. पण बदल्यात दिलं काय, तर शिफ्ट धरून रिस्टार्ट करा, नाहीतर सेटिंग्जमधून जा. दोन्हीला विंडोज निदान लॉगिनपर्यंत तरी यायला हवं, आणि ते येत नाही हाच तर प्रॉब्लेम आहे! तिसरा मार्ग म्हणजे दोनदा चालू व्हायला फसलं की पीसी आपणहून रिपेअरच्या स्क्रीनमधे जातो. पण अपडेटच्या फेऱ्यात कित्येकदा पीसी आपल्या परीने रीतसर रिस्टार्ट होत असतो, त्याच्या हिशोबी काही फसलेलंच नसतं. म्हणून लोकांनी लोगो दिसला की पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरायचं, असं दोन-तीनदा करायचं, म्हणजे रिपेअरची निळी स्क्रीन येते, ही वाट धरली आणि नंतर ती अधिकृत मदतीच्या पानांवरही आली. म्हणजे ज्या स्क्रीनवर "पीसी बंद करू नका" लिहिलंय तिथेच बंद करायचा. जुना मेन्यू कमांडने परत आणता येतो, बूटमेन्यूपॉलिसी "लेगसी" करायची, पण ते पीसी धड असताना करून ठेवावं लागतं, आणि तेव्हा कोणाला सुचतं? कीबोर्डवाल्या डेस्कटॉपवर तरी ते मुळातच चालू ठेवायला हवं होतं.

विंडोज १० मधे होम एडिशनवाल्यांना अपडेट थांबवायची सोयच नव्हती, ऑगस्ट २०१५ च्या अपडेटला रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, उरलेली एखाद्या जुन्या यूजर प्रोफाइलची नोंद सापडली की ते बसायचं, मागे फिरायचं, परत बसायला जायचं. होमवाल्यांना ३५ दिवसांपर्यंत थांबवता यायला लागलं ते २०१९ मधे. त्याच वर्षी चालू व्हायला फसलं तर ताजं अपडेट आपोआप काढून टाकायची आणि ३० दिवस परत न बसवायची सोयही आली, ही मात्र खरंच चांगली.

१९ जुलै २०२४ ला जे झालं ते विंडोजचं अपडेट नव्हतं, एका सुरक्षा सॉफ्टवेअरची फाइल होती. ती ७८ मिनिटांत मागे घेतली तरी तेवढ्यात सुमारे ८५ लाख मशीन गेली होती, आपल्याकडे विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून दिले. उपाय जुनाच, सेफ मोडमधे जाऊन एक फाइल डिलीट करायची, पण बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) असेल तर आधी ४८ आकडी रिकव्हरी की हवी. त्यानंतर क्विक मशीन रिकव्हरी आली, रिपेअर स्क्रीनमधूनच नेटवरून दुरुस्ती शोधणारी.

आणि १४ ऑक्टोबर २०२५ च्या विंडोज ११ च्या अपडेटने त्या रिपेअर स्क्रीनमधलेच यूएसबी कीबोर्ड आणि माऊस बंद पाडले. दुरुस्ती २० तारखेला आली. मधल्या सहा दिवसांत कोणी तिथे अडकलं असेल तर स्क्रीन समोर होती पण काहीच निवडता येत नव्हतं, गोल पिनचा जुना पीएस-२ कीबोर्ड ज्यांच्याकडे होता त्यांचं तेवढं चाललं.