खोकला, पाटी आणि बागेतली नळी

मालवणच्या बाजारात माझी नेहमीची मासळीवाली मावशी परवा बांगडे मोजता मोजता जोरात खोकली आणि एकदम आखडून बसली. "खोकलो इलो काय लुगडा भिजता गो बाये. वय झाला आता, काय करतलंय?"

वयाचा वाटा असतोच, पण सगळं खापर त्याच्यावर फोडण्यात अर्थ नाही. जघनास्थीपासून, म्हणजे ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडापासून, माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. मूत्राशय, गुदाशय आणि बायकांचं गर्भाशय तिच्या आधाराने राहतं. बाळंतपणात ती ताणते, कधी हाडापासून सुटतेही. जुनाट खोकला, बद्धकोष्ठता, मावशीच्या मासळीच्या पाटीसारखी जड ओझी त्यात भर घालतात. मग लघवी गळते, कुणाचं 'अंग बाहेर येतं'. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर पुरुषांचीही लघवी गळते. ते फक्त बोलत नाहीत.

मला भारी आवडते ती यातली यंत्रणा. पोफळीच्या बागेत शिंपताना नळी जांभ्यावर असेल तर पाय देताच पाणी थांबतं. तीच चिखलात असेल तर पायाखाली रुतते आणि पाणी वाहतच राहतं. खोकताना पोटातला दाब मूत्रनलिकेवर, म्हणजे मूत्राशयातून लघवी बाहेर नेणाऱ्या नळीवर, असाच पाय देतो. खालचा थर, म्हणजे ती झोळी, घट्ट असेल तर नलिका चेपून बंद होते. नळीची ही उपमा जॉन डीलॅन्सी या अमेरिकी डॉक्टरांची, 1994 सालची. जांभा तेवढा माझा. पण हा जांभा जिवंत आहे! निरोगी शरीरात खोकल्याचा दाब चढायच्या क्षणभर आधीच झोळीचे स्नायू आवळतात. ही वेळ चुकली की गळती. म्हणून खोकण्याआधी मुद्दाम आवळायचं. आठवडाभराच्या सरावाने वयस्क बायकांची खोकतानाची गळती कमी झाल्याचं 1998 च्या एका अभ्यासात दिसलं.

शिवाय रोजचा व्यायाम: एका वेळी किमान आठदा आवळून सोडायचं, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. लघवी मध्येच अडवून हा सराव करू नये. काहींची झोळी उलट सतत आखडलेली असते आणि दुखते. त्यांना सैल सोडायला शिकावं लागतं, आवळून त्रास वाढतो. म्हणून आधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवावं. देवाला गाऱ्हाणं खुशाल घालावं, पण नजर लागली म्हणून बांधलेल्या दोऱ्याने स्नायू आवळत नाही. मोबाईलवर जाहिरात येते त्या तेलानेही नाही.

मावशीने सगळं ऐकून घेतलं. "आवळूचा, पण नेमक्या खय?"

चारचौघांत वारा अडवतेस ना, म्हटलं, तिथेच.