दक्षिण आशियाई स्थलांतरित कुटुंबे : देहयष्टी आणि आहार

दुसऱ्या महायुद्धानंतर भारत, पाकिस्तान व बांगलादेश येथून आणि १९७२ मधील हकालपट्टीनंतर युगांडातून जी दक्षिण आशियाई कुटुंबे ब्रिटनमध्ये स्थायिक झाली, त्यांच्या घरांत शरीराचा आकार आणि खाणेपिणे यांविषयी चालत आलेल्या धारणांचा व त्यांच्यात झालेल्या बदलांचा विचार या नोंदीत केला आहे.

ज्या प्रदेशांत अन्नाची टंचाई आणि क्षय, हगवण यांसारखे आजार नित्याचे होते, तेथे अंगाने भरलेले असणे हे खात्यापित्या घरचे लक्षण मानले जाई, तर हडकुळेपणाचा अर्थ आजार, दारिद्र्य किंवा आबाळ असा घेतला जाई. माहेरपणाला आलेल्या मुलीची तब्येत पाहून सासरची माणसे कशी असतील याचा अंदाज बांधण्याची आणि बाळाने बाळसे धरले की आईला शाबासकी देण्याची रीत महाराष्ट्रातही आहे. ही केवळ जुनी समजूत म्हणून सोडून देता येत नाही. १९७२ च्या दुष्काळात वाटलेली सुकडी आठवणारे कित्येक जण आज परदेशातील नातवंडांचे आजी-आजोबा आहेत, आणि ताटात अन्न टाकू नये हा त्यांचा आग्रह अनुभवातून आलेला आहे.

स्थलांतरानंतर या धारणा तशाच राहिल्या, पण परिस्थिती पालटली. गावाकडे सणासुदीला किंवा पाहुण्यांपुरते होणारे तूप, साखर, मटण, तळणीचे पदार्थ रोजच्या आवाक्यात आले आणि चालणे व अंगमेहनत कमी झाली. आईवडील दोघेही कामावर असल्यास मुलांना भरवण्याची जबाबदारी आजीकडे येते, आणि शाळेत चिप्स खाऊन आलेल्या नातवाला संध्याकाळचे पूर्ण जेवणही ती मायेने वाढते. नव्या देशातले खाणे जुन्याच्या जागी न येता त्यात भर म्हणून आले, हे वजनवाढीचे कारण आहारतक्ते मांडणाऱ्यांच्या नजरेतून बहुधा सुटते.

पूर्व लंडनमधील बांगलादेशी मधुमेही रुग्णांच्या धारणांचा एक उल्लेखनीय अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील रुग्ण सामान्यतः थोराड बांध्याला अधिक आरोग्याचे आणि बारीकपणाला कमी आरोग्याचे चिन्ह मानत होते. अन्नाची प्रतवारी ते त्याच्या ‘ताकदी’वरून करीत : साखर, मांस, तूप हे ताकदीचे, तर उकडलेला भात हलका. कच्चे, भाजलेले किंवा भट्टीत शेकलेले अन्न पचायला जड, म्हणून वृद्ध, अशक्त व लहान मुलांना अयोग्य, असेही त्यांचे मत होते. तळण्याऐवजी भाजून खा, हा दवाखान्यातला सल्ला अशा घरात का पाळला जात नसेल, याचे उत्तर या प्रतवारीत सापडते. त्याचे खापर अडाणीपणावर फोडणे सोपे आहे, पण बरोबर नाही.

इंग्लंडमध्ये २००५–०६ पासून चार-पाच आणि दहा-अकरा वर्षांच्या शाळकरी मुलांची उंची व वजन मोजले जाते आणि निष्कर्ष पालकांना पत्राने कळवता येतो. आजीच्या मते सुदृढ असलेला मुलगा त्या पत्रात स्थूल ठरला, की घरात वाद ठरलेला. मात्र मोजमापाची पट्टीही सर्वांना सारखी लागू पडत नाही. पुण्याजवळील खेड्यांत केलेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो आढळले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ते ३.५ किलो होते. पुण्याची बाळे स्नायूंनी बरीच कमी असूनही त्यांच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. या संशोधनाचे प्रमुख डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच आकडेवारी छापली : दोघांचाही देहभार निर्देशांक (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, बीएमआय) २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने आशियाई लोकांच्या बाबतीत हा निर्देशांक २३ झाल्यापासूनच सावध होण्याची सूचना केली आणि २०१३ मध्ये ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचनांतही हा आकडा आला. म्हणजे सडपातळ दिसणारा मुलगाही मधुमेहाच्या धोक्यापासून दूर आहे असे म्हणता येत नाही, आणि त्याला आग्रहाने वाढण्याचे कारणही उरत नाही.

मुलींच्या वाट्याला परस्परविरोधी अपेक्षा येतात. पानात वाढलेले नाकारणे हा वाढणाऱ्याचा अपमान, आणि लग्नाच्या बोलण्यांत ‘जरा जाड आहे’ हा शेरा. ब्रॅडफर्ड येथील शाळकरी मुलींच्या १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भरमसाट खाऊन ते शरीराबाहेर टाकण्याचा विकार, म्हणजे बुलिमिया, आशियाई मुलींत ३.४ टक्के आणि गोऱ्या मुलींत ०.६ टक्के आढळला. रुग्णसंख्या अगदी थोडी असल्याने हे आकडे जपून वापरावे लागतात. पाश्चात्त्य राहणीच्या अनुकरणामुळे असे होते, हा तेव्हाचा सर्वसाधारण तर्क होता. पण त्याच संशोधकांच्या पुढील कामात अधिक पारंपरिक घरांतील मुलींमध्येच खाण्याविषयीच्या तक्रारी जास्त दिसल्या. सर्व जण एकत्र जेवतात अशा घरात मुलीचे न जेवणे लगेच लक्षात येते आणि त्यावर चर्चा होते. जेवल्यानंतर ती काय करते हे मात्र बहुधा कोणी विचारत नाही.