अठरावं लागलंय म्हणजे अठरा पूर्ण नाही हो

नाशिकला पेठ रोडवर आरटीओजवळ बसून लायसन्सचे फॉर्म भरून देतो, त्यामुळे हे वाक्य रोज ऐकतो, 'त्याला अठरावं लागलंय ना.' अहो लागलंय म्हणजे सतराच पूर्ण झाली, आणि कायद्याला अठरा पूर्ण लागतात. सोळा पूर्ण झाल्यावर मिळतं ते फक्त 50 सीसीपर्यंतच्या गाडीचं, तेही पालकाच्या सहीने. तुमची अ‍ॅक्टिवा 110 ची, 50 सीसीची आता शोरूमला बघायलाही मिळत नाही, म्हणजे ही सवलत कागदावरच. ते लर्निंग, म्हणजे शिकाऊ लायसन्स, दाखवून कॉलेज रोडला क्लासला अ‍ॅक्टिवा नेली तर ती विनालायसन्सच धरतात.

आता पकडलं तर काय. पाच हजार भरून सुटू असं बरेच जण धरून चालतात, पण 2019 च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात कलम 199 अ आलं. मुलाने गुन्हा केला की पालक किंवा गाडीमालक दोषी, 25 हजार दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद, गाडीचं रजिस्ट्रेशन 12 महिने रद्द. मुलाची केस बाल न्याय मंडळापुढे जाते आणि त्याला वयाची 25 पूर्ण होईपर्यंत लर्निंगसुद्धा मिळत नाही. हा 25 चा आकडा लोक दंडाचाच समजतात, मग अठरा झाल्यावर अर्ज घेऊन येतात आणि इथे रडतात.

'आम्हाला माहीतच नव्हतं' म्हणून सुटता येतं, पण ते सिद्ध तुम्ही करायचं, कोर्ट तुमची संमती होती असंच धरून चालतं. चावी दाराजवळच्या खिळ्याला लटकलेली आणि मुलगा रोज त्याच गाडीवर क्लासला जातो, मग काय सिद्ध करणार. त्यात गाडी जुनी घेतलेली, मालकी बदलायचे फॉर्म 29-30 सह्या करून कपाटात पडलेले, आरसीवर म्हणजे गाडीच्या नोंदणीवर नाव अजून सिडकोतल्या आधीच्या मालकाचं. नोटीस त्याला जाते, तो तुमच्या दारात येतो. अपघात झाला तर आणखी वाईट, समोरच्याला विमा कंपनी पैसे देते आणि नंतर मालकाकडून वसूल करू शकते.

जप्त गाडी सोडवायला कोर्टात अर्ज, आरसी, चालू विमा, मालकाचं ओळखपत्र. अडतं कुठे, तर विमा संपलेला असतो.

अठरा पूर्ण झाल्यावर अर्ज सरकारच्या सारथी पोर्टलवर ऑनलाइन, ते सोपंय. अर्ज अडकतो जन्मतारखेत. आधारवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरी, आणि मूळ दाखला तर ज्युनिअर कॉलेजात जमा असतो, तो कुणाकडेच नसतो. म्हणून महापालिकेच्या विभागीय कार्यालयातून जन्मदाखला आधीच काढा, आधार दुरुस्त करून घ्या, मगच अर्ज. लर्निंग 6 महिने चालतं, पक्क्याची टेस्ट 30 दिवसांनंतर. सहा महिने आहेत म्हणून शेवटच्या आठवड्यात येऊ नका, तोवर टेस्टचे स्लॉट संपलेले असतात आणि लर्निंग परत काढावं लागतं.